प्रवेश रद्द करण्यापूर्वी

नेवाशाहून छत्रपती संभाजीनगर पुण्यापेक्षा कितीतरी जवळ. तरीही अहिल्यानगर जिल्हा पुणे विद्यापीठाच्या कक्षेत येतो. पुण्यातील खोलीभाडे आणि खाणावळ न झेपणारा शेतमजुराचा मुलगा दुसऱ्या वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात जावे म्हणतो, तेव्हा पहिला प्रश्न असा की, उत्तीर्ण झालेले किती विषय तेथे धरले जातील? २०२१ साली श्रेयांक-पेढी निघाली खरी. परंतु जमा श्रेयांक ग्राह्य धरणे नव्या विद्यापीठाच्या नियमांवरच अवलंबून राहिले. स्थलांतर प्रमाणपत्र काढल्यावर नकार आला, तर वर्ष बुडते. धनिकाच्या मुलाला ते सोसते; गरिबाचे शिक्षणच तेथे थांबते. म्हणून जुना प्रवेश रद्द होण्यापूर्वीच ग्राह्य विषयांची यादी लेखी मिळाली पाहिजे. कार्यकर्त्यांनी ही मागणी दोन्ही विद्यापीठांकडे नेटाने न्यावी.