जॅकेट डिकीत ठेवू नका

ब्रिटनमधल्या तमाम मराठी कुटुंबांना कळकळीची विनंती. जुलैच्या अखेरीस शाळा सुटतील आणि डोव्हरची फेरी किंवा फोकस्टोनची बोगद्यातली गाडी धरून आपल्यातल्या कित्येकांच्या मोटारी कॅलेला उतरतील. कुणी डिस्नेलँडला, कुणी थेट इंटरलाकेनला. मागच्या सीटवर भारतातून आलेले आई-बाबा, डिकी बॅगांनी आणि चिवड्याच्या डब्यांनी गच्च. निघायच्या आधी, याच आठवड्यात, गाडीतलं सुरक्षेचं सामान तपासा. आणि ते कुठे ठेवलंय हे त्याहून बारकाईने तपासा.

फ्रान्समध्ये २००८ पासून गाडीत चमकणारं जॅकेट आणि लाल त्रिकोण सक्तीचा आहे. नसेल तर १३५ युरोंचा दंड. हे बहुतेकांना ठाऊक असतं आणि आयत्या वेळी मागवलेलं किट घरात येऊनही पडतं. पण मग ते जातं डिकीत, सगळ्या बॅगांच्या तळाशी. कायद्याला जॅकेट हवंय ते गाडीच्या आत, हाताशी. ते अंगात घालून मग दार उघडायचं असतं. डिकीतून काढायला गेलात, तर जॅकेटशिवाय रस्त्यावर उतरलातच की!

ते दिसतं भयानक, यात वाद नाही. फ्रेंच सरकारने तर जाहिरातीत फॅशनसम्राट कार्ल लागरफेल्डला ते चढवून उभं केलं आणि हे पिवळं, कुरूप, कशावरही न शोभणारं जॅकेट जीव वाचवू शकतं, असं त्याच्याच तोंडून वदवलं. २०१८ मध्ये तिथल्या आंदोलकांना पिवळा गणवेश आयता मिळाला तो याच नियमामुळे. कायदा एकाच जॅकेटवर भागवतो. तुम्ही माणशी एक घ्या, आजी-आजोबांनाही.

आता आपल्या गाड्यांची खास अडचण ऐका, कारण तिचा विचार फार थोडे जण करतात. आपलं स्टिअरिंग उजवीकडे, आणि तिकडे गाडी थांबवायची पट्टीही उजवीकडेच. म्हणजे चालवणारा सुखरूप बाजूला उतरतो. वाहत्या रस्त्यावर दार उघडतं ते डावीकडच्यांचं: पुढे बसलेली बायको किंवा नवरा, मागे मूल किंवा आई. फ्रेंच मोटरवेवर वेगमर्यादा ताशी १३० किलोमीटर. सेकंदाला ३६ मीटर झाले. सीटबेल्ट सोडायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात मागची गाडी शंभर मीटर पुढे आलेली असते. म्हणून डाव्या मागच्या दाराचं चाइल्ड लॉक कॅलेला उतरायच्या आधीच लावा आणि घरात सगळ्यांना एकदा सांगून ठेवा: गाडी बंद पडली तर सगळे उजव्या दारानेच उतरणार. पुढच्या डाव्या सीटवरच्याने गिअरवरून कसरत करत का होईना, इकडेच यायचं. हसू येईल. येऊ द्या. अंगणात एकदा करून बघा.

उतरल्यावर कठड्यापलीकडे जा आणि गाडीत परत बसू नका, पाऊस असला तरी. आपल्याकडे घाटात ट्रक बंद पडला की मागे दगड आणि झाडाची फांदी ठेवतात. ते बघतच आपण मोठे झालो, त्यामुळे मागे काहीतरी मांडायला धावणं अंगात मुरलंय. साध्या रस्त्यावर त्रिकोण निदान ३० मीटर मागे जरूर ठेवा. मोटरवेवर मात्र त्याच्या नादी लागू नका. जिवाला धोका असेल तिथे तो न ठेवण्याची मुभा फ्रेंच कायदाच देतो. स्पेनमध्ये त्रिकोण ठेवायला चालत गेलेली माणसं गाड्यांखाली सापडू लागली, म्हणून तिथल्या गाड्यांना १ जानेवारी २०२६ पासून टपावर चिकटवायचा लुकलुकता दिवा बंधनकारक झाला. पाहुण्या गाड्यांना त्रिकोण चालतो.

मदतीसाठी फ्रेंच मोटरवेवर दर दोन किलोमीटरला केशरी फोन असतो, नाहीतर ११२ लावा. तुमच्या विमा कंपनीचा ट्रक तिथे येऊ शकत नाही, ठरवून दिलेलीच टोइंगवाली मंडळी येतात. पावती मात्र जपा, भरपाई मागायला लागेल.

पुढच्या देशांचं थोडक्यात. ऑस्ट्रियात प्रथमोपचार पेटीही सक्तीची आहे. स्वित्झर्लंडमध्ये त्रिकोण पटकन हाती लागेल असा हवा, आणि कॅमेऱ्याची आगाऊ सूचना देणारं ॲप बंद ठेवा. ब्रिटनमध्ये १३५ सेंटिमीटर उंचीला बूस्टर सीट सुटते, जर्मनीत १२ वर्षांखालच्या मुलाला १५० सेंटिमीटरपर्यंत लागतेच. तेव्हा माळ्यावर टाकलेली सीट खाली काढा. आपले हेडलाइट डावीकडे झुकलेले असतात, ते समोरच्याच्या डोळ्यांत जातात. काचेवर स्टिकर लावा किंवा नव्या गाडीत मेन्यूमधून सेटिंग बदला. जुन्या 'जीबी' पाटीवर भागत नाही, आता 'यूके'चं स्टिकर लागतं. स्पेनला जाणार असाल तर नंबरप्लेट कसलीही असो, ते मागे हवंच.

भारतातून येऊन युरोपात गाडी भाड्याने घेणाऱ्यांनी एवढंच करावं: किल्ली हातात आली की आधी जॅकेट मोजा आणि कमी असतील तर काउंटर सोडू नका. तुमची गाडी डाव्या स्टिअरिंगची असेल, म्हणजे रहदारीच्या बाजूला उघडणारं दार तुमचंच. तुमचं जॅकेट त्याच दाराच्या कप्प्यात राहू द्या.