समुद्रात हत्ती झुलवण्याची किंमत

मे २०२५ मधल्या त्या चार-सहा दिवसांत पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावातून मला रोज रात्री फोन येई. मावसभावाचा मुलगा नौदलात आहे, आणि तेव्हा तो ‘विक्रांत’वर होता. पोराचा फोन लागत नव्हता. टीव्हीवर नकाशे, बाण आणि आरडाओरडा चालू होता. मी वर्तमानपत्रांत लिहितो म्हणजे मला आतले काही ठाऊक असणार, असा घरच्या मंडळींचा समज आहे. वहिनींनी एका रात्री सरळच विचारले, ‘‘भाऊजी, एवढी मोठी बोट बुडते का हो?’’

मी ‘नाही’ म्हणालो. फोन ठेवल्यावर मात्र झोप आली नाही, कारण खरे उत्तर ‘नाही’ असे नव्हते.

नगरच्या माणसाने समुद्राविषयी लिहावे याचे कुणाला हसू येईल. (जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले, पण आमच्या तोंडी अजून नगरच बसले आहे.) आमच्याकडे पाणी म्हणजे मुळा, प्रवरा आणि उन्हाळ्यात टँकर. पण समुद्राशी या गावाचा संबंध वाटतो त्यापेक्षा जुना आहे. निजामशाहीची राजधानी नगर आणि तिचे मोठे बंदर चौल. त्याच चौलच्या खाडीकाठी रेवदंड्याला पोर्तुगीज ठाण मांडून बसले होते. १५७० च्या अखेरीस मूर्तझा निजामशहाने प्रचंड फौज घेऊन त्यांना वेढा घातला. माणसे, तोफा, हत्ती, कशाचीच कमी नव्हती. वेढा महिनोन्‌महिने चालला आणि १५७१ मध्ये तह करून शहाला परतावे लागले. कारण साधे होते. जमिनीच्या तिन्ही बाजू निजामशहाच्या होत्या, पण चौथी बाजू पाण्याची होती आणि त्या बाजूने पोर्तुगीजांना दारूगोळा, धान्य आणि माणसे मिळत राहिली. समुद्र ज्याच्या ताब्यात त्याला उपाशी मारता येत नाही, हा धडा नगरच्या गादीने साडेचारशे वर्षांपूर्वी चांगली किंमत मोजून घेतला आहे.

विमानवाहू नौकेचे काम मुळात तेच आहे. किनाऱ्यावरून उडालेले विमान ठराविक अंतर जाऊन परत फिरते. त्यापलीकडच्या समुद्रावर आपले छत्र हवे असेल तर धावपट्टीच पाण्यावर घेऊन जावी लागते. ताशी पंचेचाळीस-पन्नास किलोमीटर वेगाने सरकणारे हे विमानतळ रात्रभरात पाचशे किलोमीटर दूर गेलेले असते.

आपल्या पहिल्या ‘विक्रांत’ची कुळकथाही नगरच्या माणसाने सांगावी अशी आहे. ब्रिटनमध्ये ‘हर्क्युलस’ या नावाने तिची बांधणी सुरू झाली १९४३ मध्ये. त्या वर्षी पंडित नेहरू आमच्या भुईकोट किल्ल्यात कैदी होते. पुढच्या वर्षी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ त्यांनी तिथेच लिहिले. महायुद्ध संपले आणि ती नौका अर्धवट पडून राहिली. १९५७ मध्ये भारताने ती घेतली, ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्टला ती नौदलात दाखल झाली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईला तिचे स्वागत केले ते पंतप्रधान नेहरूंनी.

पण १९६५ चे युद्ध झाले तेव्हा ती गोदीत दुरुस्तीला होती. एकच हत्ती असेल आणि नेमका तो आजारी पडला तर मिरवणूक कशी निघणार? १९७१ मध्येही तिच्या एका बॉयलरला तडा गेलेला होता आणि तिला पूर्ण वेग घेता येत नव्हता. तिला बंगालच्या उपसागरात धाडण्यात आले. तिला बुडवण्यासाठी पाकिस्तानने ‘गाझी’ ही आपली लांब पल्ल्याची पाणबुडी पाठवली. पूर्व विभागाचे प्रमुख व्हाइस अ‍ॅडमिरल कृष्णन यांनी ‘विक्रांत’ अंदमानकडे दडवली आणि ती विशाखापट्टणमजवळच असल्याचा देखावा ‘राजपूत’ या जुन्या विनाशिकेकरवी उभा केला. ३ आणि ४ डिसेंबरच्या दरम्यानच्या रात्री ‘गाझी’ विशाखापट्टणमसमोर बुडाली. ती ‘राजपूत’च्या मारामुळे बुडाली की स्वतःच्याच सुरुंगांमुळे, यावर दोन्ही देश आजही वेगवेगळे सांगतात. त्यानंतर ‘विक्रांत’वरच्या सीहॉक आणि अलिझे विमानांनी कॉक्स बाजार, चितगाव आणि इतर बंदरांवर हल्ले चढवले, आणि पूर्वेकडच्या पाकिस्तानी फौजेची समुद्राची वाट बंद झाली. चौलला निजामशहाला जे जमले नव्हते ते इथे झाले.

आता याच युद्धाची दुसरी बाजू. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवच्या समुद्रात पाकिस्तानच्या ‘हंगोर’ पाणबुडीने आपली ‘खुकरी’ बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला नौकेबरोबर गेले. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक परतले नाहीत. ‘खुकरी’ ही पाणबुड्या शोधणारीच फ्रिगेट होती, म्हणजे शिकारीच सावजाला सापडला. नव्या ‘विक्रांत’वर सुमारे सोळाशे माणसे असतात. वहिनींच्या प्रश्नाने माझी झोप गेली ती या आकड्याने.

विमानवाहू नौकांच्या बाजूने बोलणारे सांगतात, की दुसऱ्या महायुद्धानंतर अशी एकही नौका शत्रूने बुडवलेली नाही. खरे आहे. पण त्यानंतर बरोबरीच्या शत्रूशी तशी लढाई फारशी झालेलीही नाही. जी झाली ती १९८२ ची फॉकलंडची. तिथे ब्रिटनची मुख्य नौका होती ‘हर्मिस’, जी पुढे १९८७ मध्ये आपली ‘विराट’ झाली. ब्रिटिश सेनापतीने तिला बेटांपासून बरेच पूर्वेला, अर्जेंटिनाच्या विमानांच्या टप्प्याबाहेर ठेवण्याची शिकस्त केली. फ्रेंच बनावटीच्या एक्झोसेट क्षेपणास्त्रांचे घाव ‘शेफील्ड’ विनाशिकेने आणि ‘अटलांटिक कन्व्हेयर’ या मालवाहू जहाजाने सोसले. तिकडे अर्जेंटिनाचीही एक विमानवाहू नौका होती. ब्रिटिश पाणबुडीने ‘बेलग्रानो’ ही क्रूझर बुडवताच तिने बंदर गाठले आणि युद्ध संपेपर्यंत ती बाहेर पडली नाही. एका पाणबुडीने एका विमानवाहू नौकेवर एकही पाणतीर न मारता तिला युद्धातून बाद केले, हे मला फॉकलंडच्या युद्धातले सर्वांत बोलके उदाहरण वाटते.

त्यानंतर धोके वाढतच गेले आहेत. चीनने फिरत्या नौकांवर डागता येतील अशी ‘डीएफ-२१डी’ आणि ‘डीएफ-२६’ ही क्षेपणास्त्रे तयार केली. २००५ मध्ये स्वीडनच्या ‘गॉटलंड’ या लहानशा पाणबुडीने सरावात अमेरिकेच्या ‘रोनाल्ड रेगन’ला गाठून दाखवले. एप्रिल २०२२ मध्ये युक्रेनने किनाऱ्यावरून डागलेल्या क्षेपणास्त्रांनी रशियाची ‘मॉस्क्वा’ बुडाली. २०२५ च्या एप्रिलमध्ये तांबड्या समुद्रात अमेरिकेच्या ‘ट्रुमन’वरचे एक लढाऊ विमान समुद्रात घसरून पडले. हुथींच्या माऱ्यातून निसटताना नौकेने तीव्र वळण घेतल्याने ते घडले, अशा बातम्या होत्या. ज्यांच्याकडे धड नौदल नाही अशा बंडखोरांनी जगातल्या सर्वांत बलाढ्य आरमाराला तिथे नाचवले.

अर्थात क्षेपणास्त्र असणे आणि ते नेमके लागणे यांत अंतर आहे. अथांग समुद्रात आधी नौका सापडावी लागते, ती अमुक जहाज नसून तीच आहे हे ओळखावे लागते, आणि क्षेपणास्त्र पोचेपर्यंत ती हलते. ‘विमानवाहू नौकांचे दिवस संपले’ असे छातीठोक सांगणाऱ्यांना मी आमच्या नगरचे रणगाडा संग्रहालय दाखवीन. १९९४ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयात १९६५ मध्ये पकडलेला पॅटन उभा आहे. असल उत्तरला जीपवरच्या तोफेने अब्दुल हमीद यांनी असे पॅटन फोडले, तेव्हाही रणगाड्याचे दिवस संपले असे म्हणणारे होते. युक्रेनमध्ये ड्रोनने रणगाडे जळू लागले तेव्हा पुन्हा तेच ऐकू आले. तरी नगरच्या लष्करी केंद्रात आजही पोरे रणगाडा चालवायला शिकतातच. हत्यार बाद होते ते त्याचे काम दुसऱ्या कुणी स्वस्तात करू लागले म्हणजे. केवळ ते मरू शकते म्हणून बाद होत नाही.

पण मग खर्चाचे बोलायला हवे, आणि इथे माझा सूर बदलतो. नवी ‘विक्रांत’ कोचीच्या गोदीत बांधली गेली, २ सप्टेंबर २०२२ रोजी दाखल झाली आणि तिला सुमारे २० हजार कोटी रुपये लागले. हा आकडा नगरच्या मापाने मोजू. निळवंडे धरणाची योजना १९७० च्या सुमाराची. तिच्या डाव्या कालव्यात पाणी सुटले २०२३ मध्ये, आणि धरण-कालव्यांचा खर्च गेला ५,१७७ कोटींवर. म्हणजे ‘विक्रांत’ ही जवळजवळ चार निळवंडे झाली. पन्नास वर्षे कालव्याची वाट पाहिलेल्या अकोले-संगमनेरच्या शेतकऱ्याला हे गणित लगेच कळेल.

आणि ही झाली नुसती नौका.  सुरुवातीला तिला नौदलाकडे असलेल्या मिग-२९ केवरच भागवायचे होते. एप्रिल २०२५ मध्ये २६ राफेल मरीन विमानांचा करार झाला तो सुमारे ६३ हजार कोटींचा. म्हणजे बारा निळवंडे. घोड्यापेक्षा खोगीर तिप्पट! शिवाय भोवती विनाशिका, फ्रिगेट, तेलवाहू जहाज, पाण्याखाली पाणबुडी. हा लवाजमा नसेल तर ती नौका म्हणजे उघड्या माळावर उभी केलेली धान्याची वखार. रशियाकडून घेतलेल्या ‘विक्रमादित्य’चा सौदा २००४ मध्ये सुमारे ९७ कोटी डॉलरचा होता. २०१३ मध्ये ती हाती आली तेव्हा तो २३५ कोटींवर पोचला होता.

मोठ्या हत्यारांचा मोह आमच्या गावाला नवा नाही. ‘मुलूख-ए-मैदान’ ही सुमारे ५५ टनांची तोफ १५४९ मध्ये नगरलाच ओतली गेली. पुढे ती विजापूरला गेली. १८५४ मध्ये इंग्रज अधिकाऱ्यांनी ती भंगार म्हणून लिलावात काढली, तेव्हा बोली आली दीडशे रुपयांची. बोली फारच कमी वाटली म्हणून सौदा रद्द झाला आणि तोफ वाचली. ‘विक्रांत’ तेवढी नशीबवान नव्हती. १९९७ मध्ये ती निवृत्त झाली. मुंबईत तिचे संग्रहालय झाले, मी मुलांना घेऊन ते पाहिलेही आहे. २०१२ मध्ये ते बंद पडले. संग्रहालय चालवणे परवडत नाही असे राज्य सरकारने न्यायालयात सांगितले, आणि २०१४ मध्ये सुमारे ६० कोटींना ती भंगारात गेली. २०१६ मध्ये तिच्या पोलादाचा अंश असलेली मोटारसायकल बाजारात आली. ‘विराट’साठी राज्य मंत्रिमंडळाने २०१८ मध्ये सिंधुदुर्गातल्या निवतीला ८५२ कोटींची योजना मंजूर केली होती. दोन वर्षांनी ती नौका अलंगला तोडायला गेली.

असो. मुद्दा तिसऱ्या विमानवाहू नौकेचा आहे. नौदल ती मागते आहे, आणि त्याचा युक्तिवाद पोकळ नाही. एक गोदीत असेल तरी दोन किनाऱ्यांना दोन हव्यात. १९६५ चा अनुभव त्यांच्या बाजूने आहे. २०२० मध्ये तत्कालीन संरक्षण दलप्रमुख जनरल बिपिन रावत यांनी मात्र आधी पाणबुड्या असे उघड सांगितले होते, आणि माझे मत त्यांच्याकडे झुकते. १९९९ मध्ये आपण तीस वर्षांत २४ पाणबुड्या बांधायची योजना मंजूर केली. माझगाव गोदीतून तिच्यातल्या सहा आल्या. सहावी ‘वाघशीर’ जानेवारी २०२५ मध्ये दाखल झाली. अर्जेंटिनाची नौका बंदरात कोंडली ती पाणबुडीने, ‘खुकरी’ गेली ती पाणबुडीने. दोन विमानवाहू नौकांना पुरेशी विमाने आणि पुरेसा लवाजमा मिळेपर्यंत तिसरीचे पोलाद कापू नये, असे मला वाटते. दारात हत्ती दोनच असावेत, पण त्यांना चारा आणि माहूत पुरता असावा.

मे २०२५ मध्ये ‘विक्रांत’चा ताफा उत्तर अरबी समुद्रात होता आणि पाकिस्तानी नौका किनाऱ्याजवळच राहिल्या, असे आपल्या नौदलाने नंतर सांगितले. शस्त्रसंधी झाला आणि काही दिवसांनी पोराचा फोन आला. समुद्र कसा होता हे त्याने सांगितले नाही, जेवणात रोज डाळ एकसारखी असते एवढेच सांगितले. वहिनींनी मला मुद्दाम फोन करून ते कळवले, आणि म्हणाल्या, ‘‘भाऊजी, तुम्ही म्हणाला होतात ना, बुडत नाही म्हणून.’’

मी त्यांना अजून खरे सांगितलेले नाही.