सील बदला, ऑइल ओतत बसू नका

अकोल्यात गाडीखाली ऑइलचा डाग दिसला की सल्ला ठरलेला: "काही होत नाही भाऊ, टाकत राहा ऑइल." कारणही ठरलेलं: आपल्याकडचं ऊन. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, तिथे इंजिनाच्या सीलचं रबर काय टिकणार! मला हा सल्लाही मान्य नाही आणि हे कारणही.

चालत्या इंजिनात ऑइल ९० ते ११० अंशांपर्यंत तापतंच, गाडी अकोल्यात असो की महाबळेश्वरात. सील कडक होतं ते वर्षानुवर्षं तापून-निवून. शिवाय ब्रीदरचा पीसीव्ही वाल्व्ह चोंदला की क्रँककेसमध्ये दाब साचतो आणि ऑइल सीलच्या कडेतून बाहेर पडतं. तो साफ न करता नवं सील बसवलं, तर तेही गळेल. गळती थांबवणारं औषध ऑइलमध्ये घातलं की रबर फुगतं, पण झिजलेली कड भरून येत नाही.

"हे घरचं काम नाही," हा आक्षेप अर्धाच खरा. क्रँकचं मागचं सील बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. ते गॅरेजलाच द्यावं. पण टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून ओघळलेलं ऑइल खाली येतं आणि मागचं सील गेल्यासारखं भासतं. म्हणून आधी इंजिन धुऊन कोरडं करा, टाल्कम पावडर भुरभुरवा, गाडी थोडी चालवा आणि ओल कुठून सुरू होते ते वरून खाली पाहत या. कित्येकदा पॅकिंग बदलूनच भागतं.

मारुती ८०० सारख्या गाडीचं पुढचं क्रँक सील टाइमिंग बेल्टमागे असतं. बेल्टच्या खुणा जुळवता येत असतील तरच त्याला हात घाला. जुनं सील उचकटताना शाफ्टवर ओरखडा उठू देऊ नका. त्या ओरखड्यातून नवं सीलही पाझरेल. नव्या सीलच्या ओठाला ऑइल लावा, स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे ठेवा आणि त्याच मापाचा सॉकेट टेकवून चहूबाजूंनी सारखं ठोका. गाडीखाली शिरायचं असेल तर नुसत्या जॅकवर कधीच विसंबू नका, स्टँड लावाच.

काढलेलं ऑइल नालीत ओतू नका. मोर्णा नदी स्वच्छ करायला २०१८ मध्ये हजारो अकोलेकर एकत्र आले होते. त्याच नदीत ते जाईल. डब्यात भरून जुनं ऑइल घेणाऱ्याकडे द्या. आणि आज रात्रीच गाडीखाली पुठ्ठा अंथरून ठेवा, सकाळी डाग दिसला तर ऑइलचा नवा डबा आणण्याआधी गळती शोधा.