पैठणच्या वाटेवर राक्षसभुवनला थांबा



शनी अमावास्या जवळ आली की आमच्या बीडच्या बायकांची पैठणला जायची गडबड सुरू होते. दशम्या, बिनलसणाची शेंगदाण्याची चटणी आणि गाळलेलं पाणी घ्यायचं, गाडी थेट मुनिसुव्रतनाथांच्या मंदिरापाशी. वालुकामय मूर्तीचं दर्शन, अभिषेक, दिवस मावळायच्या आत जेवण आणि परत. मीही वर्षानुवर्षं असंच केलं. यंदा मात्र जाताना वाट थोडी वाकडी केली आणि गेवराई तालुक्यातल्या राक्षसभुवनला थांबलो.

गोदाकाठचं हे गाव लोकांना शनिमंदिरामुळे माहीत आहे. "आपण जैन, आपलं तिथे काय काम?" असं गाडीत दोघी-तिघी म्हणाल्याच. माझं उलट म्हणणं आहे. आपण पैठणला तरी कशासाठी जातो? बऱ्याच जणी साडेसातीच्या भीतीनेच ना? विसावे तीर्थंकर वीतरागी आहेत, ते कुणाचा ग्रह काढून घेत नाहीत. मी बी. कॉम. झालेली बाई. कर्माचं खातं ज्याचं त्यानेच लिहायचं आणि ज्याचं त्यानेच फेडायचं, एवढा हिशोब मला कळतो.

राक्षसभुवनला बघायचं ते वेगळंच. 10 ऑगस्ट 1763 रोजी इथे पेशवे आणि निजाम यांची लढाई झाली. निजाम नदी ओलांडून पलीकडे गेलेला, त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर फौजेसह अलीकडे. गोदावरीला पूर. मराठ्यांनी तीच वेळ साधली. विठ्ठल सुंदर मारला गेला.

लढाईचं कौतुक मी करणार नाही. किती माणसं, किती जनावरं गेली असतील! पण एक गोष्ट मनातून जात नाही. त्याच्या आदल्या वर्षी रघुनाथरावांनी निजामाची मदत घेऊन पुतण्यावर चाल केली होती आणि माधवरावांना नजरकैदेत ठेवलं होतं. राक्षसभुवनला तेच काका शत्रूच्या वेढ्यात सापडले, तेव्हा अठरा वर्षांचा पुतण्या त्यांच्या मदतीला धावला. राज्य वाचवायचं होतं हे खरंच. तरी ज्याने आपल्याला कोंडलं त्याच्यासाठी घोडा पुढे काढणं सोपं नाही.

तुम्ही म्हणाल, काका सुधारले का? नाही. 1768 मध्ये धोडपला पुन्हा लढायला उभे राहिले आणि शेवटी माधवरावांना त्यांना शनिवारवाड्यात कैदेत ठेवावं लागलं. मग ती क्षमा वाया गेली का? मला तसं वाटत नाही. क्षमा म्हणजे उधारी नव्हे, की समोरच्याने व्याजासकट परत करावी. आपल्या मनातलं वैर आपल्याच खात्यावर चढत असतं, ते कमी करण्यासाठी क्षमा करायची. आणि माफ केलं म्हणून सावध राहायचं नाही, असंही नाही.

हे मी लिहितेय खरं, पण माझी आणि धाकट्या जाऊबाईंची नऊ वर्षं बोलाचाली नाही. दुकानाच्या वाटणीवरून बिनसलं. दर क्षमावाणीला मी शंभर-दीडशे लोकांना मोबाइलवर 'उत्तम क्षमा' पाठवते. त्यांचा नंबर त्यात नसतो. ज्यांच्याशी काही भांडणच नाही, त्यांचीच मी दरवर्षी माफी मागत आले! घाटावर उभी असताना याची फार लाज वाटली.

म्हणून माझं सांगणं एवढंच. पुढच्या वेळी पैठणला जाताना तास-दीड तास राक्षसभुवनला द्या. मुलासुनांना, नातवंडांना न्या, काका-पुतण्याची गोष्ट सांगा. आणि जमलं तर जिच्याशी बोलणं बंद आहे, तिला गाडीत बरोबर घ्या. ते ग्रहशांतीपेक्षा अवघड आहे, पण आपल्या धर्माला धरून आहे.

मी पुढच्या खेपेसाठी दोन जागा सांगून ठेवल्या आहेत. जाऊबाईंना फोनही केला. "बघते, ताई," एवढंच म्हणाल्या. नऊ वर्षांनी 'ताई' ऐकलं. त्या येतील की नाही ते अजून ठरलेलं नाही.