बंदरापुरता कायदा

परदेशी पिस्तूल देशात आल्यावर त्यात फेरफार करता येतो काय? अमेरिकेतला मध्यवर्ती कायदा बहुधा 'होय' म्हणतो. आम्हा वाणिज्यवाल्यांनी हे उत्तर आयात-व्यापाराच्या अंगाने वाचावे.

तिथल्या १९६८ च्या कायद्याने खेळाच्या उपयोगाची नसलेली पिस्तुले आयात करण्यास बंदी घातली. खेळाची कोणती, हे ठरवायला चक्क गुणपत्रिका! लांबी, वजन, नेम धरण्याची सोय यांना गुण. ७५ मिळाले की उत्तीर्ण. जर्मन वॉल्थर कंपनीची पीपीके त्यात नापास झाली. कंपनीने तिचाच वरचा भाग थोरल्या पीपीच्या सांगाड्यावर बसवला आणि 'पीपीके/एस' पाठवली. ऑस्ट्रियाची ग्लॉक नेम जुळवता येणारी मागची खाच लावून आली. बंदराबाहेर ती काढून साधी बसवायला कायद्याची आडकाठी नव्हती. आयात सुट्या भागांवर १९९० साली निर्बंध आले, पण ते रायफली व शॉटगनपुरते. पिस्तूल स्वयंचलित करणे किंवा त्याला खांद्याचा दस्ता जोडणे मात्र १९३४ च्या कायद्याच्या कचाट्यात सापडते.

परीक्षेनंतर उत्तरे पुसायची मुभा असेल तर ती परीक्षा कसली? (आमच्या विद्यापीठाने ही सवलत अद्याप दिलेली नाही.) माझ्या मते यातून गोळीपेक्षा परदेशी मालच अधिक अडतो. जून १९६८ मध्ये रॉबर्ट केनेडींवर झाडलेले रिव्हॉल्व्हर अमेरिकन बनावटीचे होते. तशा मालाला ही गुणपत्रिका लागूच नाही. आणि नापास झालेली पीपीके? १९८० नंतरच्या दशकात ती अमेरिकेतच तयार होऊन राजरोस विकली जाऊ लागली.