कुत्र्याचं भांडं आणि धुराचा ढग

पावसाळा लागला की आमच्या द्वारका भागात दोन मागण्या एकदम सुरू होतात. एक, महापालिकेने धूर मारावा. दोन, भटक्या कुत्र्यांसाठी दारात ठेवलेली पाण्याची भांडी उचलावीत, कारण त्यांत डास होतात. पहिलीवर आपण फार विसंबतो. दुसरी अर्धीच खरी आहे.

माझ्या घरामागे छोटं परसदार आहे आणि तिथे राखणीचा कुत्रा असतो. मुसलमानाच्या घरी कुत्रा म्हटलं की भुवया वर जातात, म्हणून सांगतो : राखण, गुरं आणि शिकार यांसाठी कुत्रा ठेवण्याची मुभा हदीसमध्येच आहे. विहिरीत उतरून, जोड्यात पाणी भरून तहानलेल्या कुत्र्याला पाजणाऱ्या माणसाला माफी मिळाली, ही गोष्ट तर आपण लहानपणापासून ऐकतो. पण गल्लीतल्या एका खालांनी मला विचारलं, "बेटा, सवाब तुला मिळेल, पण माझ्या नातवाला डेंग्यू झाला तर?" हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही.

डेंग्यूचा डास म्हणजे एडिस. नासर्डीच्या घाण पाण्यावर पोसलेले, रात्री कानाशी गुणगुणणारे डास वेगळे, ते क्युलेक्स. एडिसला स्वच्छ साठलेलं पाणी लागतं. तो दिवसा चावतो. जास्त करून सकाळी, आणि मग अस्र ते मगरिबच्या दरम्यान, म्हणजे नेमका पोरं अंगणात खेळत असतात तेव्हा. तो लांबही उडत नाही, बहुतेक वेळा शे-दोनशे मीटरच्या आतच फिरतो. म्हणजे माझ्या मुलाला चावलेला डास माझ्याच किंवा शेजाऱ्याच्या पिंपात जन्मलेला असण्याची शक्यता मोठी.

आता धुराचं. त्या यंत्रातून डिझेलमध्ये मिसळलेलं कीटकनाशक बाहेर पडतं. ते उडणाऱ्या डासाला मारतं, पाण्यातल्या अळीला काही करत नाही. एडिस घरात पलंगाखाली, टांगलेल्या कपड्यांमागे बसलेला असतो आणि आपण धूर आला की दारं-खिडक्या लावून घेतो! एखाद्या गल्लीत रुग्ण सापडले असतील तर तिथे धुराचा उपयोग आहे, तो नाकारत नाही. पण दर आठवड्याला धूर मागणं म्हणजे नळ उघडा ठेवून फरशी पुसण्यासारखं आहे. शिवाय बांधलेल्या कुत्र्याला दार लावून घेता येत नाही. अंगावर बसलेलं औषध तो चाटून पोटात घेतो. गाडीचा आवाज आला की त्याला आत घ्यावं, त्याचं पाणी ओतून द्यावं, आणि नंतर भांडं धुऊन, फरशीवर पाणी मारून मगच बाहेर सोडावं.

घरगुती उपाय तर त्याहून वाईट. साठलेल्या पाण्यात जळकं ऑइल ओतायचं, कोपऱ्यात डांबरगोळ्या टाकायच्या, फिनेल शिंपडायचं. यातलं सगळं कुत्र्याच्या पंजांना लागतं आणि पंजांवरून तोंडात जातं. माणसाने अंगाला लावायची डासांची मलमं कुत्र्याला चोपडू नयेत, तोही ती चाटतो. कॉइल आपण जमिनीवर ठेवतो, कुत्र्याच्या नाकाच्या उंचीवर. चीन आणि मलेशियातल्या कॉइलांवरचा एक अभ्यास 2003 साली प्रसिद्ध झाला. एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण 75 ते 137 सिगारेटींइतके भरले. अंगणात त्यापेक्षा टेबल-फॅन बरा. वाऱ्यात डासाला नीट उडता येत नाही.

एक गोष्ट मात्र आपल्या घरांसाठी खास. आपल्याकडे कुत्रा क्वचित, मांजर घरोघरी. गोचीड आणि डासांसाठी कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं. कुत्र्याला ते चालतं, पण मांजराचा जीव घेऊ शकतं. दोन्ही प्राणी असतील तर जनावरांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय असं औषध आणू नका. त्याच भेटीत हृदयातल्या जंतांबद्दलही विचारा. ते जंत कुत्र्यात डासाच्या चावण्यातूनच शिरतात, म्हणजे डास कमी करणं कुत्र्याच्याही भल्याचं आहे.

मग करायचं काय? एडिसची मादी अंडी पाण्याच्या काठाशी, भांड्याच्या भिंतीला चिकटवते. ती वाळली तरी महिनोन्‌महिने जिवंत राहतात आणि पाणी लागलं की फुटतात. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा. पण नुसतं पाणी ओतून भागत नाही, भांडं आतून खरवडून घासावं लागतं. कुत्र्याने तोंड घातलेलं भांडं सात वेळा, त्यात एकदा मातीने, धुवायचं हे आपल्याला पाठ आहे. मी त्या हदीसमध्ये विज्ञान शोधत नाही, ती खोड मला आवडत नाही. इतकंच म्हणतो, की घासण्याची सवय आपल्याला नवी नाही.

गेली काही वर्षं बकरीद पावसाच्या तोंडावर येत होती. बकऱ्यांसाठी आणलेली घमेली मग गच्चीवर तशीच पडून राहतात. कुंडीखालच्या ताटल्या, कूलर, फ्रीजमागचा ट्रे, महामार्गाकडेच्या गॅरेजांबाहेरची टायरं हे सगळं त्यातच आलं. कुत्र्याचं भांडं रोज रिकामं होतं, टायर वर्षभर हलत नाही. पण बोट भांड्याकडे दाखवलं जातं. रिकामी करता न येणारी मोठी टाकी घट्ट झाकावी किंवा तिच्यात गप्पी मासे सोडावेत. मशिदीच्या हौजात मासे सोडायची पद्धत जुनीच आहे, वुजू करताना ते बोटांशी येतात. मात्र मासे असलेल्या पाण्याजवळ डासांचा फवारा मारू नका, त्याने मासे मरतात.

खालांना मी सांगितलं, भांडं उचलणार नाही. मातीच्या खरखरीत परळाऐवजी स्टीलचं पसरट भांडं ठेवतो, फजरनंतर घासून भरतो, आणि रात्री पालथं घालतो. त्यांच्या गच्चीवरचं झाकण तुटलेलं पिंपही मी दाखवलं. झाकण अजून बसलेलं नाही, तोवर त्यावर जुनी ओढणी ताणून बांधली आहे.