विश्लेषण : धूळ खात पडलेल्या जुन्या स्पोर्ट्स कारची रास्त किंमत कशी ठरते?

पॅरिसमध्ये फेब्रुवारी २०१५ मध्ये झालेल्या लिलावात १९६१ सालची एक फेरारी १ कोटी ६३ लाख युरोंना विकली गेली. गाडीवर धुळीचा थर होता, रंग फिका पडला होता आणि ती कित्येक वर्षे सुरूही झाली नव्हती. अशा बातम्या आल्या की शेडमध्ये पडलेल्या प्रत्येक जुन्या गाडीला मालक सोन्याचा भाव लावू लागतो. घेणारा मात्र तिच्याकडे भंगार म्हणून पाहतो. खरी किंमत या दोन टोकांच्या मध्ये कुठे असते आणि ती कशी मोजायची?

पॅरिसच्या फेरारीला एवढी किंमत का मिळाली?

पश्चिम फ्रान्समधील रोजे बायों या वाहतूक व्यावसायिकाने जमवलेल्या सुमारे ६० गाड्या दशकानुदशके शेडमध्ये आणि पत्र्याच्या आडोशाखाली पडून होत्या. त्यातच ही २५० जीटी कॅलिफोर्निया स्पायडर जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांखाली सापडली. आखूड बांध्याच्या या मॉडेलच्या ६० गाड्याही बनलेल्या नाहीत. शिवाय ती एकेकाळी अभिनेता आलाँ देलाँ याच्याकडे होती आणि त्याचा पुरावा उपलब्ध होता. म्हणजे दुर्मीळपणा, मूळ सुटे भाग आणि मालकीचा इतिहास या तिन्ही गोष्टी जुळून आल्या. धुळीमुळे चर्चा झाली, पण पैसे या तीन गोष्टींचे होते.

जळालेल्या सांगाड्यालाही भाव मिळतो?

मिळतो, आणि त्यातून किंमत कशाला मिळते हे नेमके कळते. अमेरिकेत माँटेरे येथे ऑगस्ट २०२३ मध्ये १९५४ सालच्या फेरारी ५०० मोंदियालचा जळालेला, चेपलेला सांगाडा १८ लाख ७५ हजार डॉलरना गेला. बॉडी ओळखण्याच्या पलीकडे गेली होती. शिल्लक होती ती गाडीची ओळख, म्हणजे तिचा चॅसी क्रमांक. पत्रा नव्याने घडवता येतो, इंजिन पुन्हा बांधता येते. कारखान्यातून निघालेली ‘तीच’ गाडी ही ओळख मात्र दुसऱ्यांदा तयार करता येत नाही.

हा न्याय सगळ्याच गाड्यांना लागू होतो का?

नाही. बहुतेकांची फसगत इथेच होते. उदाहरण म्हणून जग्वार ई-टाइप घेऊ. मार्च १९६१ मध्ये जिनिव्हात सादर झालेल्या या गाडीचे उत्पादन १९७४ पर्यंत चालले आणि ७० हजारांहून अधिक गाड्या बनल्या. तिचे सुटे भाग आजही मिळतात. बॉनेटपासून तळाच्या पत्र्यापर्यंत बरेच काही नवे घडवून मिळते. त्यामुळे ‘मिळत नाही’ म्हणून फेरारीला जो भाव येतो, तो साध्या ई-टाइपला येत नाही.

ई-टाइपमध्येही फरक आहेत. बॉनेट बाहेरून उघडणाऱ्या, सपाट तळाच्या सुरुवातीच्या मोजक्या गाड्यांना संग्राहकांकडून जास्त मागणी असते. १९७१ नंतरच्या बारा सिलिंडरच्या, चार आसनी गाडीला तुलनेने बरीच कमी किंमत येते. दुरुस्तीचा खर्च मात्र दोन्हींचा जवळपास सारखाच असतो. पत्रा काम करणारा कारागीर गाडीचा बाजारभाव पाहून तास मोजत नाही. म्हणूनच ज्या गाडीचा तयार भाव कमी, तिच्या न दुरुस्त केलेल्या अवस्थेचा भाव वेगाने खाली घसरतो. कधी कधी तो सुट्या भागांच्या किमतीइतकाच उरतो.

गणित कसे मांडायचे?

सोय म्हणून तयार, उत्तम अवस्थेतील गाडीचा भाव १०० धरू. पत्रा, रंग, इंजिन, वायरिंग, आसने आणि क्रोम यांचा अंदाजित खर्च ६० निघाला. जुन्या गाडीचा पत्रा उघडल्यावर आत काय निघेल हे आधी सांगता येत नाही, म्हणून या खर्चाचा चौथा हिस्सा, म्हणजे १५, वेगळा ठेवायचा. वाहतूक, कागदपत्रे आणि अडकलेला पैसा यांचे ५. उरले २०. ही त्या गाडीची कमाल रास्त किंमत.

विकणारा ‘तयार गाडीला १०० मिळतात, मी अर्ध्यात देतोय’ असे सांगत ५० मागत असेल, तर घेणाऱ्याची एकूण गुंतवणूक १३० होईल आणि हाती १०० ची गाडी येईल. हौसेपोटी तोटा सोसायला हरकत नाही, पण तो आधीच माहीत असावा.

तुलना करताना जाहिरातीतील मागणी नव्हे, तर प्रत्यक्ष झालेल्या विक्रीचा आकडा घ्यावा. लिलावगृहांच्या जाहीर आकड्यांत बहुधा खरेदीदाराने भरलेले कमिशनही धरलेले असते. विकणाऱ्याच्या हाती त्याहून कमी पडते.

मग ‘दुरुस्त न केलेली’ गाडी महाग कधी असते?

‘दुरुस्त न केलेली’ या एका शब्दप्रयोगात दोन अगदी वेगळ्या गाड्या दडलेल्या असतात. पहिली खंगलेली गाडी : तळ गंजलेला, इंजिन जाम, निम्मे भाग गायब. तिला वरचे वजाबाकीचे गणित लागू होते. दुसरी जपलेली गाडी : कारखान्याचाच रंग, मूळ आसने, कुणी न उसवलेली शिवण, थोडीफार झीज. या गाडीला वजाबाकी लावणे चूक आहे, कारण इथे दुरुस्ती केल्यास किंमत वाढण्याऐवजी घटते.

जगाची आवडही या दिशेने सरकली आहे. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या टुरिन सनदेने जपणुकीला नव्या रंगरंगोटीपेक्षा वरचे स्थान दिले. कॅलिफोर्नियातील पेबल बीच येथे १९५० पासून भरणाऱ्या प्रतिष्ठेच्या स्पर्धेत ऑगस्ट २०२४ मध्ये १९३४ सालची बुगाटी टाइप ५९ सर्वोत्कृष्ट ठरली. नव्याने न सजवलेल्या, जपलेल्या गाडीला तिथे मिळालेला हा पहिलाच सर्वोच्च मान.

प्रत्यक्ष पाहणीत काय तपासावे?

सर्वप्रथम क्रमांक. ई-टाइपच्या बाबतीत इंजिनच्या ब्लॉकवर, गिअरबॉक्सवर, पुढच्या सांगाड्यावर आणि बॉडीवर ठोकलेले क्रमांक गाडीवरील पट्टीशी जुळायला हवेत. जग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्ट कारखान्याच्या नोंदींवरून प्रमाणपत्र देतो. त्यात हे क्रमांक आणि मूळ रंग कळतो.

त्यानंतर पत्रा. ई-टाइपचा मधला भाग म्हणजे पत्र्याचे एकसंध खोके. इंजिन पेलणारा नळ्यांचा सांगाडा त्याच्या पुढे बोल्टने जोडलेला असतो. दारांखालचे पोकळ पत्रे आणि तळ गंजला असेल तर गाडीची ताकदच गेलेली असते. या नळ्यांना तडे किंवा जुने वेल्डिंग असेल तर खर्च वाढतो. पुट्टीचा जाड थर चुंबकाने लगेच उघडा पडतो, रंगाचा थर मोजण्याच्या यंत्राने तर नेमका कळतो.

इंजिन जाम असणे हे ऐकायला भयंकर वाटते, पण ते पुन्हा बांधता येते. बारीकसारीक मूळ भाग गहाळ असणे अनेकदा त्याहून महाग पडते. म्हणून इंजिन सुरू होते का, यापेक्षा गाडी पूर्ण आहे का, हा प्रश्न आधी विचारावा.

भारतात याचा संबंध काय?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये ५० वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम केले. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षे आणि पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरे. रोजच्या वापराला मुभा नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन किंवा देखभालीसाठीच गाडी रस्त्यावर आणता येते. मुख्य अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी आणि चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. म्हणजे मूळपणा ही आता केवळ संग्राहकांची आवड राहिलेली नाही, ती कायद्याची अटही आहे.

आपल्याकडे मात्र जुनी गाडी विकायची म्हटले की पहिली धाव डेंटिंग-पेंटिंगकडे असते. मूळ रंग खरवडला जातो, आसनांचे कव्हर बदलते, जुनी कागदपत्रे रद्दीत जातात. चार पैसे जास्त मिळावेत म्हणून केलेला हा खर्च गाडीची किंमतच पुसून टाकतो. विकणाऱ्याने पॉलिशच्या डब्याआधी जुनी पावती, नोंदणीपुस्तक आणि फोटो शोधावेत. घेणाऱ्याने जे पुन्हा बनवता येत नाही त्याचे पैसे मोकळ्या हाताने द्यावेत आणि जे बनवता येते त्याचा खर्च काटेकोरपणे वजा करावा. शेडमध्ये गाडी कशी सापडली याच्या कहाणीला मात्र, कागद नसेल तर, एक रुपयाही देऊ नये.